कपाटावरची तुरटी

तुम्ही हसाल, पण एका तुरटीपायी आम्ही अख्खा मे महिना पंख्याविना काढलाय. गोडदेवला नवीन राहायला आलो होतो तेव्हाची गोष्ट. आमच्या ह्यांनी तुरटीच्या दाट पाण्यात दोऱ्याला बांधून एक बारीक खडा सोडला आणि तो ग्लास कपाटावर ठेवला.

"पाणी जसं उडेल तसे कण आपणहून येऊन खड्यावर बसतात. फक्त हलायला नको," म्हणाले आणि पंखा बंद केला.

तीन आठवड्यांत लिंबाएवढा स्फटिक झाला. पैलू असे, जणू कुणी तासून काढलेत. खरं सांगते, घामाने निथळत मीसुद्धा रोज स्टुलावर चढून बघायचे.

एके दिवशी टँकरचं पाणी गढूळ आलं. हे ऑफिसला, मी बाजारात. परत येते तर रत्नागिरीहून आलेल्या सासूबाई दोरा धरून तिसऱ्या पिंपात तो स्फटिक फिरवत होत्या.

"तुरटीला दोरा बांधून ठेवलास ते बरं केलंस गो. हात बुडवायला नको."

संध्याकाळी ह्यांनी चोखलेल्या गोळीसारखा झालेला तो खडा तळहातावर घेतला. चेहरा असा, की चहा विचारायचा मला धीर होईना. तेवढ्यात शेजारच्या गुजराती बेन दारात.

"भाईसाब, वो धागेवाली फिटकरी हमको भी बना दो ना. बहुत मस्त आयडिया है."

ह्यांनी एकदा आईकडे बघितलं, एकदा खड्याकडे. मग कपाटावर चार ग्लास मांडले आणि पंखा बंद केला.