कार्टूनला मत

आईवर केलेला तिचा ॲनिमेशनपट यंदा पुरस्काराच्या शर्यतीत होता. दाताच्या डॉक्टरांकडे बसल्या बसल्या समोरच्या जोडप्याचं बोलणं तिच्या कानावर पडलं.

“अहो, मत आजच द्यायचंय ना?”

“बाकीची दिली. कार्टूनचं तेवढं राहिलंय.”

“पाहिलीत का?”

“मी परीक्षक आहे, पाळणाघर नाही चालवत! नातीला दाखवली. लेकीला विसरलेल्या म्हातारीचा एक सिनेमा आहे, तो बघून नात रडायलाच लागली. अर्ध्यात बंद केला.”

“म्हणजे चांगला असणार की!”

“खरी माणसं असती तर मीही रडून मत दिलं असतं. कार्टूनने रडवायचं नसतं. त्यापेक्षा बेडकाचा बरा. ताई, तुमच्या मुलांना कुठला आवडला?”

“मुलं नाहीत मला. आई होती. शेवटी मला ओळखत नव्हती.”

“अरेरे! मग तुम्ही बेडकाचाच बघा. बरं वाटेल.”