मार्टिनवरची चादर

आमच्या सासूबाईंना कधी तळ्यावर नेऊ नका, सांगून ठेवते. पुण्याहून इकडे जर्मनीत बॉबलिंगेनला आल्या त्या सगळ्यांसाठी सनकोट घेऊनच. तळ्याकाठी जर्मन लोक उघडेबंब पहुडलेले, आणि आम्ही नाकापर्यंत गुंडाळलेले! आमच्या वरच्या मजल्यावरचा मार्टिन तिथेच उन्हात झोपून लालबुंद झाला होता. आईंना बघवेना.

"अहो आई, राहू द्या. त्यांना आवडतं तसं."

पण मी मुलीला पाण्यातून बाहेर काढेपर्यंत आईंनी त्याच्यावर पांढरी चादर घातलीसुद्धा, डोक्यापासून पायापर्यंत! तेवढ्यात त्याची बायको आइस्क्रीम घेऊन आली आणि किंचाळलीच. लोक धावले. मार्टिन ढिम्म हलेना. आई तिच्या पाठीवरून हात फिरवत मराठीतच म्हणाल्या, "रडू नकोस गं, वेळेवर झाकलाय!"