ओढ्यात राळे वेचणारी गोदी

ऐका रं. ती काटकी घाल शेकोटीत, अन् मधी कुणी खोकायचं न्हाई.

ताहीबाई सुईण, आपल्याच गावची. एका अवसंला मळ्यातनं गडी आला. "यसूवैनी पडली. सातवा हाय. लई अंगावर जातंय." गडी गाडी जुंपायला थांबला, ताही कंदील घिऊन एकटीच निघाली. अन् जवळची म्हणून ओढ्याची वाट धरली. चुकली बया!

ओढ्यात एक पोटुशी बाई वाकून राळे वेचतीया. पोटुशी बाई मेली की मढ्यामागं राळ्याचे बारीक दाणे टाकत्यात, ठावं हाय न्हवं? सगळे वेचल्याबिगर तिला गावात येता येत न्हाई. ताहीनं बघून न बघितल्यावाणी केलं. पुढं गेली, तर पुढं तीच! अजून पुढं, पुन्हा तीच! कंदील विझला. ओच्यात हात घातला, तर ओचाभर राळे! आई गं!

"ताहीमावशे, वळखलं का?"

वळखलं की. गोदी. तीन वर्सांमागं नवऱ्यानं पोटात लाथ घातली, त्यात गेली. ताहीनंच तिला शेवटची आंघुळ घातली, टाचेचा काळा वळ बघितला. पण सासूनं डोळं वटारलं, तशी चारचौघांत म्हणाली, पाय घसरला पोरीचा. अन् वरीस सरायच्या आत त्या भाड्यानं यसू करून आणली. आज पडली ती हीच, गोदीची सवत!

गोदीनं ताहीचा हात धरून आपल्या पोटावर ठेवला. गारठाण! "सांग, काय लागलं व्हतं मला?"

"घ... घसरलीस गं..."

हात आत रुतला. मनगटापत्तूर. मग कोपरापत्तूर. आत बारक्या बोटांनी कुणीतरी तिचं बोट धरलं.

"लाथ!" ताही किंचाळली. "लाथ व्हती ती! म्या खोटं बोलले गं, माझं चुकलं!"

हात सुटला. ताही जी पळाली, ती मळ्यात जाऊन थांबली.

यसू घोंगडीवर पांढरीफट पडलेली. सासू म्हणती, "पाय घसरला बघा." ताहीनं लुगडं सारलं. पोटावर टाचेचा वळ.

"घाला गाडीत!" ताही वरडली. "दवाखान्यात नेते हिला. अन् डाक्तरला काय झालंय ते मी सांगणार. बघू कोण आडवं येतंय!"

यसू वाचली. पोर गेलं. पुन्हा तिची कूस उजवली न्हाई. आता म्हातारी झाली, तरी गारठा पडला की ओटीपोट धरून बसती बिचारी.

तर पोरांनो, रातचं ओढ्याच्या वाटंनं जाऊ नका. जावा आता घरी, झोपा.

बयाजी, तू कुठं उठलास? बायको पोटुशी हाय तुझी, अन् चार दिस झालं, पाण्याला आली न्हाई. तू बस हितं. बाकीचे निघा.