विट्याच्या मामाचं चुंबक

अगं, माझ्या पोटाला चमचा चिकटला होता, ते सांगितलंच नाही का तुला? रक्त कमी म्हणून मी लोहाच्या गोळ्या घेत होते आणि पोट नुसतं गुडगुडायचं. डॉक्टर म्हणाल्या, अंगात न मुरलेलं लोह खाली आतड्यात जातं आणि तिथले वाईट जंतू त्यावर माजतात. हे ऐकून विटा गावचा माझा मामा पेटलाच! त्याचं सोनं गाळायचं दुकान, सोन्याच्या किसातलं लोखंड तो चुंबकानं ओढून काढतो.

"गोळ्या आपल्या आन् खानार जंतू? वरच धरून ठिवू की लोखंड!"

झालं, चुंबक माझ्या पोटावर बांधलं. त्याच दुपारी म्हसवडचे पाहुणे मला बघायला येणार होते. मुलगा मला फोटोतच आवडलेला, त्याच्यासमोर पोट गुडगुडायला नको, म्हणून मीही बांधू दिलं. पोह्यांचा ट्रे घेऊन वाकले आणि टक्कन एक चमचा साडीवरून पोटाला चिकटला!

मुलाची आई म्हणाली, "आवं, ह्ये काय?"

मामा ऐटीत म्हणाला, "लोह लय अंगी लागलंय पोरीच्या!"

बाईंनी चमचा ओढून बघितला. मग म्हणाल्या, "गोळीचं नाव सांगा की. आमच्या पोराचं बी रगात कमीच हाय."