शनवारी काम बंद ठेवता का, या फोनबाबत

आधी हे लिहा, की या पोलीस ठाण्यात माझी ही चौथी खेप. आधीच्या तिन्ही वेळा 'गैरसमज झालाय, घरी जा' म्हणून परत पाठवलं. गैरसमज कुणाचा ते सांगते. नाव-गाव घ्या, पण हे वर राहू द्या.

नाव शरीफा मोहियुद्दीन चौलकर, वय ४९, शिक्षण मराठी चौथी, काम मुलींच्या शाळेत आया, राहणार शिहार, ताइफ, सौदी अरेबिया. मूळ गाव रेवदंडा, जिल्हा रायगड. आज रविवार ता. ९ नोव्हेंबर २०२५ रोजी शाळा सुटल्यावर समक्ष हजर राहून सांगते. मला बाजारापुरती अरबी येते. म्हणून इस्पितळातले अरविंदभाऊ मराठीत लिहून घेतात, मग अरबी करतील.

माझी मुलगी झोया, वय २०, अमेरिकेत कॉलेजात शिकते. तिच्या खोलीत एस्तेर चौलकर म्हणून मुंबईची मुलगी राहते. आडनाव एक, नातं नाही. ती यहुदी, आम्ही मुसलमान. दोघींचे आजे रेवदंड्याच्या बाजूचे.

सप्टेंबरपासून एस्तेरच्या मागे काही मुलं लागली. दारावर घाण लिहिली. फोटो चिकटवला, खाली 'हिला ओळखून ठेवा'. वर्गात तिच्या शेजारी कुणी बसेना. यहुदी आहे, एवढंच कारण. दारावर लिहिणाऱ्याला झोयानं डोळ्यांनी पाहिलं. झोया सांगते, तिकडे नागरी हक्कांचा कायदा आहे. सरकारी पैसा घेणाऱ्या कॉलेजात कुणाला वंशावरून छळलं तर कॉलेजला ते थांबवावंच लागतं. एस्तेरनं अर्ज केला. कॉलेजवाल्यांनी विचारलं, ही तर भारतातली, हिचा वंश यहुदी कसा?

तेव्हा झोयानं मला विचारलं. मी आवाज भरून पाठवला, की आमच्याकडे यांना शनवारतेली म्हणायचे. तेलाचे घाणे यांचे, आणि शनवारी घाणा बंद. माझ्या अम्मीकडून ऐकलेलं. कॉलेजनं ते कागदांत लावलं आणि लावताना मला एस्तेरची आई करून टाकलं. आडनाव चौलकर दिसलं, झालं. कुणी विचारलं नाही. कागद नियमाप्रमाणे समोरच्या मुलांनाही मिळाले, माझ्या नंबरासकट.

शनिवार ता. १, दुपारी अडीच वाजता फोन आला. नंबर इथलाच, अर्जासोबत दिला आहे. माणूस मराठी बोलत होता, आमच्या बाजूची, आवाज अगदी नरम. म्हणाला, "शरीफाखाला, शनवारी काम बंद ठेवता का?" मी म्हटलं, शनवारी अख्ख्या सौदीच्या शाळा बंद असतात, तुझं काम बोल. हसला. मग म्हणाला, पोरीला सांगा, दारावर कुणी लिहिलं ते तिला दिसलं नाही. मी त्याला जे बोलले ते लिहायचं नाही म्हणता, तर राहू द्या.

सोमवार ता. ३ रोजी परत फोन. झोयाचा वर्ग किती वाजता सुटतो आणि ती कोणत्या दारानं बाहेर पडते, एवढं सांगून ठेवून दिला. मी झोयाला विचारलं. वेळ बरोबर होती. दारही.

गुरुवार ता. ६ रोजी माझ्या नवऱ्याच्या कफीलला, म्हणजे ज्यांच्या जामिनावर इथे राहतो त्या मालकांना, कुणीतरी अरबीत मेसेज पाठवला, की तुमचा सुपरवायझर यहुदी आहे, धर्म लपवून राहतो. नवरा एकोणीस वर्षं त्यांच्या गुलाबपाण्याच्या कारखान्यात आहे. कफीलनं इकामा, म्हणजे इथला राहण्याचा परवाना, मागवला, धर्माची ओळ वाचली, परत दिला. जाताना चाव्या ठेवून जा म्हणाले. आज सकाळी शटर दुसऱ्यानं उघडलं.

नवरा जेवत नाही. म्हणतो, झोयाला सांग, साक्ष नको, खलास. झोयानं काल विचारलं, अम्मी, मागे घेऊ का? मी म्हटलं, "तू पाहिलंस ना? मग पाहिलंस."

इथले साहेब म्हणतात, मुसलमान आहे असं लिहून द्या, त्या माणसाची चूक झाली, मिटलं. अरविंदभाऊही म्हणाले, वहिनी, लिहून टाका, सोपं पडेल. मुसलमान आहे, लिहा. त्याच्यापुढे हेही लिहा, की मी साहेबांना विचारलं, "मी एस्तेरची आई असते, तर तो फोन बरोबर ठरला असता?" अरविंदभाऊंनी ते अरबीत गोड करून सांगितलं. तेवढी अरबी मला कळते. मी परत सांगायला लावलं. साहेबांनी फाइल मिटली.

नंबर कुणाच्या इकाम्यावर घेतलाय ते तुमच्या कॉम्प्युटरवर दिसतं. ताइफात आमच्या बाजूची चाळीस घरंही नाहीत. कागदांतला माझा नंबर त्या मुलांकडून यांच्यातल्याच कुणाकडे पोचलाय. त्यातल्या कुणाला ना कुणाला मी रोज सलाम करते. मला नाव पाहिजे.

जबाब अरविंदभाऊंनी मला मोठ्यानं वाचून दाखवला. मी बोलले तसाच आहे. शेवटी 'माझी काही तक्रार नाही' अशी एक ओळ होती, ती माझी नव्हती, खोडायला लावली. सही माझी, मराठीत.

झोयाची कॉलेजातली साक्ष गुरुवारी ता. १३ ला आहे. बुधवारी ता. १२ ला दुपारच्या जोहरच्या अजानच्या आत मला नाव सांगा. सांगायचं नसेल तर 'सांगत नाही' असं लेखी द्या, शिक्क्यासकट.