उरलेले अठ्ठावीस जण

मी, खाली सही करणारी, वय ४३ वर्षे, धंदा औषधांच्या दुकानात नोकरी, राहणार बसडेपोमागील इमारत, दुसरा मजला, पोलीस ठाण्यात समक्ष हजर राहून जबाब देते की,

मी वरील पत्त्यावर वडिलांसोबत राहत होते. वडील, वय ७४, विजेचे मीटर वाचण्याच्या नोकरीतून निवृत्त झाले होते. मीटर डोळ्यांनी पाहिल्याशिवाय त्यांनी कधी आकडा लिहिला नाही. चूक झाली तर त्याच दिवशी सायकलने त्या घरी परत जात. एकदा अशाच फेरीत कुत्रा चावला, तर आधी आकडा दुरुस्त केला आणि मग दवाखान्यात गेले. हे आम्ही घरी हसून सांगायचो.

काल, मतमोजणीच्या आदल्या दिवशी, सकाळी दहाच्या सुमारास त्यांनी आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर एक मेसेज पुढे पाठवला. शाळेमागच्या गोदामात मतपेट्या बदलत आहेत, मागच्या गेटवर कोणी घुटमळताना दिसला तर धरा, तो त्यांचाच माणूस, असा मजकूर होता. असे मेसेज ते रोज पाठवत आणि मी रोज गप्प बसत असे. काल माझे डोके फिरले. मी सर्वांसमोर लिहिले, "बाबा, तीस वर्षं मीटर बघितल्याशिवाय आकडा लिहिला नाहीत. हे बघितलंत का? नसेल तर लोकांना मूर्ख बनवू नका." त्यावर आत्याने हसण्याची चित्रे टाकली. मी ग्रुप सोडला आणि कामावर गेले.

दुपारी १.१० वाजता वडिलांचा फोन आला. दुकानात गिऱ्हाईक नव्हते. तरी मी फोन घेतला नाही.

पुढील हकिकत मला गोदामाच्या वॉचमनने सांगितली. तीनच्या सुमारास नोकरीतला जुना टॉर्च घेऊन वडील पाहायला गेले. "मुलीनं विचारलंय, बघून सांगायचंय," असे त्याला म्हणाले. त्याने कुलूप काढून दाखवले. आत मोडके बाक आणि रंगाचे डबे होते. वडिलांनी डब्यांची झाकणेसुद्धा उघडून पाहिली. नंतर मागच्या गेटबाहेर कट्ट्यावर बसून ते पाऊण तास मोबाइलवर एका बोटाने लिहीत होते.

पावणेपाचच्या सुमारास पंधरा-वीस जण आले. त्यांच्याकडे तोच मेसेज होता. त्यांनी विचारले, "टॉर्च कशाला आणलाय?" वडील म्हणाले, "अहो, ते खोटं आहे. मी आत जाऊन बघितलंय." त्यावर एक जण ओरडला, "बघा, याला आतलं सगळं माहीत आहे!" मग ते वडिलांना मारू लागले. वॉचमन मध्ये पडला, तर त्यालाही ढकलून दिले. वडील सायंकाळी ७.४० वाजता दवाखान्यात वारले. मी पोहोचले तेव्हा ते बोलत नव्हते.

संशय कोणावर, असे साहेबांनी विचारले. मारणाऱ्यांना मी ओळखत नाही. त्यांना गेटवर मेसेजने पाठवले, बाबांना गेटवर मी पाठवले. हे वाक्य नको, असे साहेब म्हणाले. ते मी आग्रहाने घ्यायला लावले आहे.

वडिलांचा मोबाइल आज मला ओळख पटवण्यासाठी दाखवला. ग्रुपशिवाय तो मेसेज त्यांनी सेहेचाळीस जणांना वेगवेगळा पाठवला होता. गोदामातून बाहेर आल्यावर त्यांनी आधी ग्रुपवर आणि मग एकेकाला लिहिले आहे, "सकाळचे खोटे होते. मी स्वतः पाहून आलो. माफ करा." असे अठरा जण झाले. मी ग्रुप सोडल्यामुळे मला वेगळे लिहायला घेतले होते. "ठकू, बघून आलो. तुझं" एवढेच लिहून राहिले आहे. मला घरात ठकू म्हणतात.

मोबाइल तपासासाठी ठेवावा, माझी हरकत नाही. मला फक्त उरलेल्या अठ्ठावीस जणांची नावे लिहून मिळावीत. त्यांच्या घरी मी स्वतः जाणार आहे.

हा जबाब मला मोठ्याने वाचून दाखवला. एका ठिकाणी "वडील फिरायला गेले" असे लिहिले होते, ते खोडून "पाहायला गेले" असे करून घेतले. आता तो माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे.