सरासरी आणि मनोऱ्याचं तिकीट

...आणि परत सगळे मलाच विचारतात, पैसे कमी पडलेच कसे म्हणून. आता तुम्हाला सांगते, त्या मोठ्या शहरात मी काय डोळे मिटून निघाले होते का? सगळ्यांना विचारून घेतलं होतं. शिवणकामवाल्या वहिनींना विचारलं, दिवसाला किती लागतात हो, त्या म्हणाल्या, "लागतात बाई भरपूर," म्हणून भरपूर म्हणजे किती ते त्यांच्या नवऱ्याला जिन्यात गाठून विचारलं; वरच्या आजोबांना विचारलं, ते म्हणाले, "दहाच्या नोटेत दोन वेळचं जेवण, वर सिनेमा," आता आजोबा तिथे गेले होते ते त्यांच्या लग्नाआधी, पण म्हातारं माणूस, त्यांचा आकडा वगळायचा तर त्यांना काय वाटेल... म्हणून सगळ्यांचे आकडे मांडले, बेरीज केली, भागलं, आणि जी सरासरी आली तेवढाच रोजचा खर्च. कुणाचंच मन मोडलं नाही. मोडलो ते आम्ही.

नियम असा, की त्या दिवसापुरतेच पैसे पर्समध्ये, बाकीचे लॉजवर कुलपात, म्हणजे हात जायलाच नको. पहिल्याच दिवशी टॅक्सीच्या मीटरकडे बघून मी ह्यांना म्हटलं, "अहो उतरा, इथून जवळच आहे," आणि ह्यांच्या चपलेचा अंगठा तुटला तरी आमचं जवळच चाललेलं. हे म्हणाले, "कुणी सांगितलं जवळ म्हणून?" म्हटलं, सगळ्यांना विचारून घेतलंय.

बिचाऱ्यांचं मागणं एकच, लग्न झाल्यापासूनचं. तिथल्या उंच मनोऱ्यावर लिफ्टनं जायचं आणि दोघांनी मिळून शहर बघायचं. ते ठेवलं शेवटच्या दिवसावर. संध्याकाळी गाडी, म्हणून सकाळी चहासुद्धा दोघांत एक.

तिकिटाच्या खिडकीवरचा दर वाचला, दोन पूर्ण तिकिटं काही परवडणारी नव्हती. पण खाली लिहिलं होतं, पन्नाशीपुढच्यांना अर्धं तिकीट. पर्स चाचपली, दोन अर्धी बरोबर बसत होती. देवच पावला. मग रांगेत मी काय गप्प उभी राहणार? मागे दोघी बहिणी होत्या, त्यांना विचारलं, नोकरी कुठे, पगार किती, लग्नं का नाही केलीत... सगळं विचारून घेतलं. धाकटी म्हणाली, "ताई, तुम्ही चाळिशीच्याही वाटत नाही हं." आणि नेमका तेव्हाच खिडकीतला माणूस म्हणाला, "बाई, वय?" माईकमधून हो, अख्ख्या रांगेला ऐकू जाईल असं. साऱ्या जगाची चौकशी करणारी मी, पण मला आजवर कुणी उलटं विचारलंच नव्हतं. तोंडातून निघून गेलं, "पंचेचाळीस."

हे माझ्याकडे बघतायत. "अगं..."

"अहो, पुढे व्हा. रांग खोळंबलीय."

माझं पूर्ण तिकीट काही परवडेना. मग "मला उंचावर गरगरतं," असं त्या बहिणींना ऐकू जाईल इतपत मोठ्यानं म्हटलं आणि ह्यांना एकट्यालाच वर पाठवलं. लिफ्टचं दार बंद होईपर्यंत हे माझ्याकडेच बघत होते. मी खाली बाकावर, मान वर करून, आणि तुम्हाला सांगते, शेजारी बसलेल्या बाईला मी तिचं गावसुद्धा विचारलं नाही.

हे खाली आले. म्हटलं, "काय काय दिसलं?"

"सगळं. नदी, पूल, आपलं लॉज. तूही दिसलीस."

"मी? कशी दिसत होते?"

"इतक्या उंचावरून ना," हे म्हणाले, "पंचेचाळिशीचीच."